फुगवणारी आणि खचवणारी मनोराज्यं: नार्सिसिझमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनोराज्य सगळेच करतात. मग त्यात आजार कुठून आला?

खरंच सगळेच करतात. बसच्या खिडकीशी बसून लॉटरी लागल्यावरचं घर सजवणं, मुलाखतीच्या आदल्या रात्री मनात झकास उत्तरं देणं, यात बिघडलेलं काही नाही. 'मनातले मांडे' हा शब्द सगळ्या मराठी घरांना कळतो. फ्रॉइडने १९०८ मध्ये लेखक आणि दिवास्वप्नं यांवर लिहिताना मांडलं होतं की, प्रत्येक दिवास्वप्नामागे अपुरी राहिलेली इच्छा असते. ती कुणाला नसते?

मनोराज्यात काय दिसतं, हे आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो की ते कधी येतं, कशावर पांघरूण घालतं आणि ते आल्यामुळे कोणतं काम राहून जातं. निरोगी मनोराज्य दहा मिनिटांत संपतं आणि माणूस भांडी घासायला उठतो. विकृत नार्सिसिझममध्ये, म्हणजे स्वतःच्या थोरपणात आणि दुसऱ्यांच्या कौतुकात अडकलेल्या मनाच्या आजारात, मनोराज्याकडे एक कायमची जबाबदारी असते: स्वतःची किंमत घसरू न देणं. हे काम एरवी नाती, कौशल्य, रोजचं छोटं यश यांतून होतं. ते सगळं एकट्या कल्पनेवर पडलं की कल्पना थांबवता येत नाही, कारण ती थांबली तर आपण कोसळू अशी आतून खात्री असते.

नार्सिसिझमला मराठीत काय म्हणायचं? स्वमग्नता?

कृपया नको. स्वमग्नता हा शब्द मराठीत ऑटिझमसाठी रुळला आहे आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. ही गल्लत झाल्यामुळे पालक घाबरतात. 'आत्मप्रीती' हा शब्द पुस्तकात दिसतो, पण तोही फसवा आहे. या माणसाचं स्वतःवर प्रेम असतं असं वाटतं. प्रत्यक्षात स्वतःबद्दलची माया त्याच्याकडे फार थोडी असते. आम्ही सरळ नार्सिसिझम म्हणतो.

फुगवणारं मनोराज्य कसं ओळखायचं?

अमेरिकी निदानपुस्तिका डीएसएममध्ये नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकाराचे नऊ निकष आहेत. त्यातला दुसरा थेट कल्पनेबद्दलच आहे: अमर्याद यश, सत्ता, बुद्धिमत्ता, सौंदर्य किंवा आदर्श प्रेम यांच्या कल्पनांत गढून जाणं.

प्रत्यक्षात तीन खुणा दिसतात. पहिली, त्या चित्रात प्रेक्षक असतातच: टाळ्या वाजवणारं सभागृह, हळहळणारी जुनी मैत्रीण, मान खाली घातलेले काका. दुसरी, त्यात मेहनत नसते. पारितोषिक आहे, त्याआधीची सहा वर्षं नाहीत. तिसरी खूण शरीरात असते. छाती भरून येते, माणूस खोलीत येरझारा घालतो, मोठ्याने भाषण देतो, रात्रीचा दीड कधी वाजला ते कळत नाही.

आणि खचवणारं?

'मी संपलो', 'माझ्यासारखा करंटा दुसरा नाही', 'मी मेल्यावर कळेल यांना'. स्वतःच्या अंत्ययात्रेचं चित्र फार लोकांना येतं, पण सांगायला लाज वाटते. सगळं गमावून अनोळखी गावात एकट्याने राहणं, असाध्य आजार होणं, कुणी कधीच ओळखू न शकलेला कलावंत म्हणून विस्मृतीत जाणं, हीही त्याच घरातली चित्रं. त्यात दुःख खरं असतं. जवळच्यांनी त्याला नाटक म्हणू नये.

ही दोन टोकं एकाच आजारात कशी?

कारण दोन्हीकडे एकच गोष्ट टाळलेली असते: साधा माणूस असणं. 'मी सर्वांत थोर' आणि 'मी सर्वांत नालायक' या वाक्यांत 'सर्वांत' तसाच राहतो. बासष्ट टक्के मिळालेला, बऱ्यापैकी काम येणारा, कुणाला आवडणारा आणि कुणाला न आवडणारा माणूस दोन्ही चित्रांत सापडत नाही. खचवणाऱ्या कल्पनेतही जगाचं लक्ष आपल्याकडेच असतं, फक्त ते हळहळीने.

मूळचे उत्तर भारतातले आणि फिलाडेल्फियात काम करणारे मनोविश्लेषक सलमान अख्तर यांनी १९९६ च्या एका लेखात कल्पनांची अशी जोडी मांडली. एक 'कधीतरी एक दिवस...' ची आणि दुसरी 'तेव्हा जर...' ची. पहिलीत सगळं सुख भविष्यात ठेवलेलं असतं, दुसरीत भूतकाळात हरवलेलं. 'एक दिवस बघाच' म्हणणारा आणि 'तेव्हा जर बाबांनी मला पुण्याला पाठवलं असतं' म्हणणारा, दोघंही कुठेतरी एक निर्दोष जग आहे असं धरून बसलेले असतात. आजचा मंगळवार दोघांनाही नको असतो. आमच्या मते या विषयात याहून उपयोगी मांडणी क्वचित सापडते, कारण ती ऐकताच माणसाला आपली वाक्यं ओळखता येतात.

यातून एक गोष्ट निघते आणि ती घरच्यांना फार उशिरा कळते. खचलेल्या अवस्थेत माणूस नम्र झालेला नसतो. 'आता तरी जमिनीवर आला' असं समजून सगळे निश्चिंत होतात आणि दोन आठवड्यांत नवीन, आधीपेक्षा मोठी योजना घरात येते.

एक फेरा प्रत्यक्षात कसा चालतो?

हे उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातले टप्पे नेहमीचे आहेत.

मंगळवार, सकाळी अकरा. अडतीस वर्षांचा अभियंता बैठकीत अहवाल मांडतो. साहेब म्हणतात, "ठीक आहे. हे दोन आकडे परत एकदा तपास." बाकी कुणाच्या लक्षातही राहत नाही. त्याच्या कानशिलात मात्र रक्त चढतं. ही शरम दोनेक सेकंद टिकते आणि तिला नाव मिळायच्या आत राग येतो. दुपारी तो डबा घेऊन एकटाच जिन्यात बसतो. पोळी-भाजी अर्धी तशीच राहते, कारण मनात राजीनाम्याचं पत्र चाललेलं असतं. संध्याकाळच्या लोकलमध्ये त्याची स्वतःची कंपनी उभी राहिलेली असते. रात्री एक वाजेपर्यंत त्या कंपनीच्या काचेच्या दारात तेच साहेब हातात फाईल घेऊन उभे असतात.

बुधवारी सकाळी अंग जड. लॅपटॉप उघडला की ते दोन आकडे समोर. आता दुसरं चित्र सुरू होतं: आपल्या शोकसभेत साहेब म्हणताहेत, "आम्ही त्याला ओळखलंच नाही." डोळ्यांत पाणी येतं, थोडं बरंही वाटतं. गुरुवारी तो आजारपणाची रजा टाकतो.

आकडे तपासायला वीस मिनिटं लागली असती. ती वीस मिनिटं मध्ये आली असती तर फेरा तिथेच तुटला असता. म्हणूनच उपचारात या वीस मिनिटांवर आम्ही इतका जोर देतो.

सुखद कल्पनेने निदान उत्साह तरी येतो ना?

त्या क्षणी येतो. पुढचं चित्र वेगळं आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी आणि मायर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरीच्या शोधातल्या पदवीधरांकडे पाहिलं होतं. यशाची सुखद चित्रं जितकी वारंवार, तितके पुढच्या दोन वर्षांत अर्ज कमी, नोकरीचे प्रस्ताव कमी आणि पगारही कमी. याउलट, आधीच्या अनुभवावर टेकलेली अपेक्षा असलेले पुढे गेले. अपेक्षा आणि मनोराज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात घ्यावं.

२०११ च्या प्रयोगांत असं दिसलं की आदर्श भविष्य रंगवल्यावर अंगातली ऊर्जा ओसरते. वरचा रक्तदाबही कमी राहतो. जणू काम झालंच आहे अशी शरीराची समजूत होते. २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: सुखद कल्पना रंगवणाऱ्यांत त्या वेळी नैराश्याची लक्षणं कमी दिसतात, पण पुढच्या काही महिन्यांत वाढतात. हे अभ्यास सर्वसाधारण लोकांवरचे आहेत. नार्सिसिझममध्ये कल्पनेची मात्रा कितीतरी जास्त असते, त्यामुळे उतारही तसाच खोल असावा, असं आम्हाला वाटतं.

मला सूडाचीच चित्रं जास्त येतात. मी धोकादायक आहे का?

चित्र येणं आणि कृती करणं यांत अंतर असतं. रास्किन आणि नोव्हासेक यांच्या १९९१ च्या अभ्यासात, रोजचा ताण जास्त असलेल्या नार्सिसिस्टिक व्यक्तींत सत्तेच्या आणि सूडाच्या कल्पना आढळल्या. त्यात आपण उच्चपदी असतो आणि अन्याय करणाऱ्याला शिक्षा देत असतो. अपमानातून उठण्याचा तो जिना असतो. मात्र चित्रात ठरावीक व्यक्ती, जागा, वेळ, साधन येऊ लागलं, किंवा त्या माणसाच्या घराभोवती फिरणं सुरू झालं, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

हा बायपोलर, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार, तर नाही ना?

ही गल्लत सर्वांत जास्त होते आणि तिची किंमत मोठी आहे, कारण बायपोलरला औषधं लागतात आणि ती टाळणं धोक्याचं आहे. आम्ही चार गोष्टी पाहतो.

झोप: मॅनियात, म्हणजे बायपोलरमधल्या अतिउत्साहाच्या टप्प्यात, माणूस तीन तास झोपून ताजातवाना असतो. नार्सिसिस्टिक चढात जागरण होतं, पण दुसऱ्या दिवशी थकवा असतो. कालावधी: हायपोमॅनिया (मॅनियाचं सौम्य रूप) किमान चार दिवस, मॅनिया किमान आठवडाभर, दिवसाचा बहुतेक वेळ. इथला चढ काही तासांत विरतो. कारण: इथे चढउताराआधी जवळपास नेहमी कौतुक किंवा अपमान सापडतो; मॅनिया एकदा लागला की तो घटनांना जुमानत नाही. चौथी, बोलण्याचा वेग आणि विचारांची धाव: मॅनियात ती अनोळखी माणसालाही जाणवते. नार्सिसिस्टिक मनोराज्य मात्र बहुधा लपलेलं असतं. बायकोलासुद्धा पंधरा वर्षांत पत्ता लागत नाही.

खचलेली अवस्था दोन आठवड्यांहून जास्त, रोज, भूक, झोप आणि काम बिघडवत असेल तर ते नैराश्य आहे, आणि त्यावर स्वतंत्र उपचार हवेत. नार्सिसिझम आणि नैराश्य एकत्रही असू शकतात. आणि 'मी अवतार आहे' हे कल्पना म्हणून रंगवणं वेगळं, तसं खरोखर मानणं वेगळं. दुसऱ्याला भ्रम म्हणतात.

तासन्‌तास दिवास्वप्नं पाहण्याचा एक वेगळा विकार आहे म्हणे?

मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये त्याला 'मॅलअडॅप्टिव्ह डेड्रीमिंग' हे नाव दिलं. तो अजून डीएसएममध्ये किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही. त्यात कथानकं लांबलचक असतात, पात्रं अनेक असतात, नायक दरवेळी स्वतः असेलच असं नाही. नार्सिसिझममधली चित्रं तुलनेने तोकडी आणि एकसुरी असतात. दोन्ही एकत्र असलेलेही भेटतात.

हे लहानपणापासून येतं का? आईवडिलांचं चुकलं का?

इथे दोन मोठे मतप्रवाह आहेत, आणि दोघांचे जनक मूळ व्हिएन्नाचे मनोविश्लेषक. हाइन्झ कोहुट म्हणत, प्रत्येक लहान मूल 'बघ, मी केवढा!' म्हणतं. कुणीतरी कौतुकाने बघितलं की तो डौल हळूहळू साध्या आत्मविश्वासात मुरतो. कुणी बघितलंच नाही तर तो आहे त्या वयाचाच आत राहतो. ऑटो कर्नबर्ग यांच्या मते ही भव्य प्रतिमा म्हणजे हेवा, राग आणि कुणावर तरी अवलंबून असण्याची भीती यांविरुद्ध उभारलेला कोट. कोहुट आधी समजून घ्या म्हणतात, कर्नबर्ग कोट दाखवून द्या म्हणतात. व्यवहारात दोन्ही लागतं. आमच्या अनुभवात क्रम बहुधा हाच ठेवावा लागतो.

उपजत स्वभावाचाही वाटा असतो. पालकांवर आरोपपत्र ठेवून कुणी बरं झालेलं नाही, उलट 'तेव्हा जर'ला नवं खाद्य मिळतं.

निदान कसं होतं? ऑनलाइन चाचणी पुरते का?

पुरत नाही. डीएसएमनुसार नऊपैकी पाच निकष, तरुणपणापासून आणि आयुष्याच्या अनेक क्षेत्रांत दिसावे लागतात. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तर नार्सिसिस्टिक असा वेगळा प्रकारच नाही. व्यक्तिमत्त्व विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे पाहून गुणविशेष नोंदवतात. त्यामुळे एका डॉक्टरांच्या कागदावर हा शब्द आहे आणि दुसऱ्यांच्या नाही, एवढ्यावरून कुणी चूक ठरत नाही.

पिंकस आणि सहकाऱ्यांची २००९ ची ५२ प्रश्नांची प्रश्नावली या विषयात उपयोगी आहे. तिच्या सात भागांत भव्य कल्पना हा एक स्वतंत्र भाग आहे आणि त्याच्याच शेजारी स्वतःला लपवणं, दुसऱ्यांच्या कौतुकावर तोललेला स्वाभिमान हेही भाग आहेत. म्हणजे फुगणं आणि खचणं एकाच कागदावर मोजलं जातं. इंटरनेटवर फिरणाऱ्या चाचण्या बहुधा ४० प्रश्नांच्या जुन्या प्रश्नावलीवर बेतलेल्या असतात. ती मुख्यतः फुगलेली बाजू मोजते, आणि खचलेला माणूस तिच्यात सहज निसटतो.

स्वतःची नोंद ठेवायची असेल तर कशी?

साधी शंभर पानी वही घ्या, मोबाइल नको. चौदा दिवस. मनोराज्यातून भानावर आलात की सहा गोष्टी, दोन ओळींत: किती वाजले, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, काय दिसलं, बघणारे कोण होते, किती वेळ गेला, कोणतं काम राहिलं.

'बघणारे कोण' हा रकाना गाळू नका. आठवड्याभरात तीच दोन-तीन माणसं पुन्हापुन्हा येतात आणि उपचाराला तिथून वाट मिळते.

नोंद दोन तऱ्हांनी फसते. एक, वहीच आत्मचरित्र होते, पानंच्या पानं सुंदर भाषेत. म्हणून दोन ओळींची मर्यादा. दुसरी, चौथ्या दिवशी नोंद चुकते आणि 'जमणारच नव्हतं' म्हणून वही कपाटात जाते. ती चुकण्याचीही नोंद करा, तीही एक छोटी घसरणच आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून ओटिंगन यांची रीत जोडता येते. एक इच्छा निवडा, आठवड्यात जमेल इतकी छोटी. ती पुरी झाल्याचं चित्र एक-दोन मिनिटं पाहा. मग लगेच आपल्या आतला अडथळा पाहा: 'साहेबांचा फोन आला की मला शरम वाटते'. शेवटी 'असं झालं की मी हे करीन' असं एक वाक्य लिहा. क्रम बदलू नका. अडथळा आधी आणि सुख नंतर, असं केलं तर परिणाम होत नाही.

उपचार काय असतात आणि कुठे अडतात?

मुख्य उपचार बोलण्याचा. कर्नबर्ग यांच्या परंपरेतली पद्धत साधारण आठवड्यातून दोनदा, वर्षभर किंवा जास्त चालते. जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपीही (लहानपणी रुजलेले विचार-भावनांचे साचे बदलणारी पद्धत) वापरतात. नार्सिसिझमवर मान्यताप्राप्त असं औषध नाही. सोबतचं नैराश्य किंवा चिंता यांवर औषधं असतात आणि ती जरूर घ्यावीत.

अडतं ते असं. समुपदेशक तिसऱ्याच भेटीत फुगा फोडतो, माणूस परत येत नाही. किंवा तो भव्य योजनांत रस घेतो, भेटी रंगतात आणि वर्षभर आयुष्य तसूभर हलत नाही. किंवा थेरपिस्टच देव होतो: 'मला समजणारे फक्त तुम्ही'. मग एके दिवशी भेट दहा मिनिटं उशिरा सुरू होते आणि देव धुळीला मिळतो. ती पुढची भेट टाळू नका. उपचारातली सर्वांत मोलाची भेट तीच असते, कारण निराश करूनही न तुटणारं नातं तिथे प्रथमच अनुभवायला मिळतं.

एक लपलेला धोका: माणूस सगळं सांगतो, मनोराज्य सांगत नाही. ते हिरावलं जाईल अशी भीती असते. थेरपिस्टने पहिल्या महिन्यातच सहजपणे विचारावं, "झोप येईपर्यंत मनात काय चालतं?"

नवरा किंवा मुलगा असा असेल तर घरच्यांनी काय करावं?

योजनेवर वाद घालू नका आणि टाळ्याही वाजवू नका. 'दहा कोटींची कंपनी' ऐकल्यावर "बरं. उद्या त्यातलं काय करणार आहेस?" एवढंच विचारा, टोमण्याचा सूर न आणता. खचल्यावर 'तू किती हुशार आहेस' असं म्हणणं म्हणजे पुन्हा फुगा भरणं. "ताट वाढलंय, ये जेवायला" यात जास्त आधार आहे. केलेल्या साध्या गोष्टीची साधी दाद द्या: गॅस नोंदवला, बरं झालं. पैशांच्या बाबतीत मात्र ठाम राहा. चढाच्या भरात घराचे कागद गहाण पडू देऊ नका. शिवीगाळ किंवा मारहाण होत असेल तर आजार हे ती सोसण्याचं कारण नाही.

आत्महत्येचा धोका कधी समजायचा?

नार्सिसिझममध्ये हा धोका दीर्घ नैराश्याशिवायही येतो. निकाल, नोकरी जाणं, घटस्फोट, चारचौघांत झालेली फजिती, यानंतरच्या काही तासांतही. 'मी गेल्यावर कळेल' हे चित्र आधीपासून परिचयाचं असल्यामुळे त्यात पाऊल टाकणं सोपं होतं. मृत्यूच्या कल्पनेत साधन आणि वेळ आली, निरवानिरव सुरू झाली, किंवा खूप तडफडीनंतर अचानक शांतपणा आला, तर एकटं सोडू नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार रुजत नाही.

टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास आहे. मराठीत बोलता येतं. तातडी असेल तर जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

मनोराज्यं कमी झाली, पण आता सगळं सपक वाटतं. उपचार चुकले का?

चुकले नाहीत. चौथ्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास असं अनेकजण सांगतात, आणि बरेचसे याच वळणावर उपचार सोडतात. इतकी वर्षं रोज रात्री सभागृह भरत होतं. ते रिकामं झालं की शांतता अंगावर येते. हा शोक आहे: न झालेल्या गायकाचा, न लाभलेल्या वडिलांचा, गेलेल्या वर्षांचा. खचवणाऱ्या मनोराज्यातलं दुःख गोलगोल फिरतं, त्यात प्रेक्षक असतात. या शोकात कुणी बघत नसतं, आणि तो लाटांनी येतो-जातो. या काळात भेटींची संख्या कमी करू नका. जमल्यास हातांचं, आठवड्याला थोडंथोडं पुढे सरकणारं एखादं काम धरा. तबल्याचा वर्ग, कुंड्या, सायकलची दुरुस्ती, काहीही. पहिल्या महिन्यात ते बेताचंच जमेल. ते तसंच राहू द्या आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल बोला.